फिरती पाटी आणि दोन झाडं

मिनेयो हायाशीच्या उजव्या हाताला जितक्या वेळा इजा झाली, तितक्या वेळा आमच्या वाडीत कुणाच्या दोन्ही हातांना मिळूनही झाली नसेल. आणि गंमत म्हणजे ही इजा फक्त बँकेत किंवा नगरपालिकेच्या कचेरीत जायच्या दिवशीच व्हायची. सकाळी बाई डोंगरउतारावरच्या आपल्या संत्र्याच्या बागेत दोन्ही हातांनी गवत उपटताना दिसायची, आणि दुपारी बसच्या थांब्यावर उभी राहिली की उजव्या पंजाला पांढरंशुभ्र बँडेज. कचेरीच्या खिडकीपाशी जाऊन ती कमरेत वाकायची आणि म्हणायची, "हात असा झालाय बघा. जरा तुम्हीच भराल का?" वाकून विनंती करणाऱ्या म्हातारीला नाही म्हणायची कुणाची छाती होते? खिडकीपलीकडचा माणूस नाव, पत्ता सगळं निमूटपणे लिहून द्यायचा.

वाडीत एकच बाई हा प्रकार बघून हसायची, ती म्हणजे शेजारची कात्सुनो. "मिने, तुझ्या हाताचं आणि कचेरीचं मागच्या जन्मीचं वैर दिसतंय गं," असं म्हणायची आणि पुढे काही विचारायची नाही. मिनेयो मान खाली घालून बँडेजची गाठ घट्ट करायची. तिला वाटायचं, आपण सगळ्यांच्या डोळ्यांत बेमालूम धूळ फेकली आहे.

खरी गोष्ट अशी की मिनेयोला वाचता येत नव्हतं. अगदीच नाही असं नाही. दुकानांची नावं आणि बसच्या पाट्या बघून साधी वळणदार अक्षरं तिने इकडून तिकडून गोळा केली होती. पण कान्जी, ती रेघांनी गच्च भरलेली चौकोनी अक्षरं, ज्यांच्यावाचून औषधाची बाटलीसुद्धा धड कळत नाही, ती तिला कधी शिकायलाच मिळाली नाहीत. सात वर्षांची असताना बापाने तिला पलीकडच्या गावात एका सधन घरी मूल सांभाळायला ठेवलं. मालकाचं पोर पाठीवर बांधून ती शाळेच्या खिडकीखाली जाऊन उभी राहायची. आतली मुलं म्हणायची ती गाणी तिला पाठ झाली. फळा मात्र दिसायचा नाही, खिडकी उंच होती. आणि पाठीवरचं पोर रडायला लागलं की मास्तर येऊन खिडकी लावून घ्यायचे. मास्तरांचं काही चुकलं असं नाही, त्यांना वर्ग सांभाळायचा होता. पण मिनेयोची शाळा तेवढीच झाली.

लग्नानंतर तोकुजीने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, लिहिण्यावाचण्याचं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. तो बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. बोलायला कंजूष माणूस, पण बायकोला वाचता येत नाही हे त्याने आपल्या सख्ख्या आईलाही कळू दिलं नाही. त्यांना मूलबाळ झालं नाही. तोकुजी गेला आणि मग बँडेज आलं.

आता ती फिरती पाटी. नगरपालिकेच्या आणि वाडीच्या सगळ्या सूचना एका पुठ्ठ्याच्या पाटीला अडकवलेल्या असतात, वरच्या कागदावर घरांची नावं ओळीने. आपण वाचायचं, आपल्या नावासमोर आपला लाल शिक्का उमटवायचा आणि पाटी पुढच्या घरी पोचवायची. शिक्का उमटला म्हणजे वाचलं. त्यावर कुणी वाद घालत नाही. बहुतेक लोक पाटी शेजाऱ्याच्या दारात टेकवून हाक मारतात आणि निघून जातात. कात्सुनोने असं कधी केलं नाही. ती पाटी काखेत मारून यायची, मिनेयोच्या दारातल्या पायरीवर बूड टेकायची, चहा मागायची आणि सगळी पाटी मोठ्याने वाचून काढायची. नुसती वाचली तर ती कात्सुनो कसली! वाचता वाचता तिचा तोंडाचा पट्टा चालू व्हायचा.

"ऐक. 'येत्या रविवारी सकाळी सात वाजता गटारसफाई. प्रत्येक घरातून एक जण.' सात वाजता! ह्या मिझोबुचीला सात वाजता उठलेला कुणी बघितलाय का? सगळं उरकल्यावर येईल आणि फावडं धरून फोटो काढून घेईल. पुढे काय आहे... 'रानडुकरांपासून सावधान.' डुकरांना पाठवा म्हणावं ही पाटी, ती तरी वाचतील!"

मिझोबुची हा वाडीचा प्रमुख, बिचारा तसा सरळ माणूस. पण कात्सुनोच्या तोंडून त्याची खरडपट्टी ऐकताना मिनेयो हसून हसून चहा सांडायची. मग ती खणातून आपला शिक्का काढायची, तो उमटवायची, आणि पाटी वरच्या घरी पोचवून यायची. सगळ्या सूचना एव्हाना तिला तोंडपाठ झालेल्या असायच्या.

पाकिटांचंही तेच. कुणाकडे मयत झालं की पैसे घालून काळ्यापांढऱ्या दोरीचं पाकीट न्यायचं, आणि त्यावर शाईच्या कुंचल्याने आपलं नाव लिहायचं. "आण इकडे तुझंपण. माझा हात अनायसे शाईने बरबटलाय," असं म्हणून कात्सुनो आपल्याबरोबर मिनेयोचंही नाव लिहून टाकायची. तिचं अक्षर फार देखणं होतं. मिनेयोला वाटायचं, बाईला अक्षर मिरवायची हौस आहे, मिरवू दे.

त्या वर्षी शरदात कात्सुनोचं पोट दुखायला लागलं. शहरात राहणारा मुलगा येऊन तिला तिकडच्या इस्पितळात घेऊन गेला, आणि तिचा नवरा गेन्झोही घराला कुलूप लावून बरोबर गेला. निघताना गाडीच्या खिडकीतून कात्सुनो ओरडली, "संत्री गोड झाली की ठेव गं माझ्यासाठी! त्या खालच्या झाडाची. वरची तुझी तूच खा, आंबटढाण!"

संत्री गोड झाली तेव्हा तोडणीची धांदल सुरू झाली. त्या दिवसांत वाडीत कुणी कुणाशी बोलत नाही, जो तो उतारावर शिडी लावून झाडात घुसलेला असतो. एका संध्याकाळी मिनेयो खाली आली तर दारात फिरती पाटी टेकवलेली. गेन्झोच्या घराला कुलूप, म्हणून मिझोबुचीच ठेवून गेला असणार. पाटीवर एकच कागद होता, हाताने लिहिलेला. मिनेयोने तो उजेडात धरून पाहिला. ओळखीची दोनतीन साधी अक्षरं होती, बाकी सगळं गच्च. गटारसफाई असेल, किंवा डुकरं असतील. कात्सुनो आली की विचारू, असं तिने मनाशी ठरवलं. शिक्का उमटवला, पाटी काखेत घेतली आणि वरच्या घराच्या दारात ठेवून आली. त्या घरचेही अजून बागेतून परतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शिडीवर होती. खालच्या रस्त्यावर बस थांबलेली दिसली आणि तिच्यात चढणारी काळ्या कपड्यांतली माणसं. वाडीतली झाडून सगळी. मिनेयोच्या हातातली कात्री थांबली. कुणीतरी गेलं होतं, आणि काल आपण शिक्का मारला तो कागद त्याचाच होता. खाली धावत जाऊन विचारावं असं तिला वाटलं. पण विचारायचं काय? शिक्का तर उमटलेला आहे. 'कोण गेलं' म्हणून विचारणं म्हणजे आयुष्यभर सांभाळलेली झाकली मूठ भर रस्त्यात उघडणं. तिने मनात हिशेब लावला. मिझोबुचीचे वडील, कुमाहाची नावाचे आजोबा, नव्वदी ओलांडून बसलेले. तेच असणार. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन पाया पडून येऊ, तोडणीमुळे उशीर झाला म्हणू. तिचं तिलाच पटलं आणि ती पुन्हा झाडात शिरली. बसच्या खिडक्यांतून तिच्या डोक्याचा पांढरा रुमाल सगळ्यांना स्वच्छ दिसत होता, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी ती चांगली टपोरी संत्री घेऊन मिझोबुचीच्या घराकडे निघाली. बंधाऱ्यावर पोचली आणि तिच्या हातातली पिशवी गळून पडायची बाकी राहिली. कुमाहाची आजोबा उतरत्या उन्हात पाय पसरून बसले होते आणि बोळक्या तोंडाने पर्सिमनचं वाळकं फळ चघळत होते.

"आजोबा! तुम्ही?"

"मी नाही तर कोण? काय गं, भूत बघितल्यासारखी बघतेस?"

"मग... गेलं कोण?"

"आँ?"

"कोण गेलं?" ती ओरडली. आजोबांना ऐकू कमी यायचं, आणि बंधाऱ्यावर दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं.

"कात्सुनो की! तिकडे इस्पितळातच. गावातल्या मयताच्या हॉलमध्ये केलं म्हणे सगळं, आजकाल घरी कोण करतंय. मला नाही नेलं, पायऱ्या चढवत नाहीत मला. तू गेली नव्हतीस होय? पोरगा फोनवर सांगत होता सुनेला, मिनेयोची खुर्ची घरच्या माणसांत ठेवलेली आणि ती मोकळीच राहिली म्हणून."

मिनेयो मटकन खाली बसली. आजोबांनी पिशवीतलं एक संत्रं घेतलं आणि सोलायला लागले.

मैत्रिणीच्या मरणाची बातमी काखेत धरून ती उतार चढली होती, आणि दुसऱ्याच्या दारात ठेवून घरी येऊन जेवली होती. त्या रात्री आणि पुढे कितीतरी दिवस तिला हेच आठवत राहिलं. आपण त्या दिवशी मुळ्याचं लोणचं दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं, हेही आठवायचं.

गेन्झो परत आल्याचं कळताच ती त्याच्या दारात गेली. गेन्झो म्हणजे फटकळ माणूस, पण हिला आजवर 'मिनेबाई' म्हणून थट्टेनेच हाक मारायचा. त्याने दार हातभर सरकवलं.

"मला... मला ताप होता," मिनेयो म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

"ताप होता? बसमधल्या सगळ्यांनी तुम्हाला शिडीवर बघितलं, मिनेयोसान." परक्या माणसाच्या नावापुढे लावतात ते 'सान' त्याने तिला कधी लावलं नव्हतं. "पाटीवर तुमचा शिक्का आहे. बघितलाय मी. संत्री काय दोन दिवस थांबली नसती? शेवटी शेवटी ती विचारत होती, मिने आली का, मिने आली का. मी म्हणत होतो, येईल."

आणि दार लागलं. मिनेयो बंद दारापुढे वाकून उभी राहिली. खरं सांगायला तोंड उघडलं असतं तर कदाचित तिथेच मिटलं असतं. पण साठ वर्षं लपवलेली गोष्ट अशी पटकन तोंडातून बाहेर पडत नाही, आणि लाज ही मोठी हट्टी चीज आहे. खोटं बोलून ती आणखी खड्ड्यात गेली होती.

वाडीने तिला वाळीत वगैरे टाकलं नाही. आमच्याकडे असलं काही कुणी करत नाही. समोर आली की लोक वाकायचे, थंडीबद्दल एखादं वाक्य बोलायचे आणि पुढे जायचे, एवढंच. पण आधी जिथे लोक उभे राहून बोलायचे तिथे आता चालता चालता बोलायचे. गेन्झोने मिझोबुचीला सांगून टाकलं, ह्यापुढे पाटी हायाशींकडे तूच दे. मिझोबुची सायकलवरून यायचा, दारात पाटी टेकवायचा, घंटी वाजवून निघून जायचा. मिनेयो ती पाटी मांडीवर घेऊन बसायची. पायरी रिकामी. चहाचं पाणी उगाच उकळत राहायचं. पाटीवर काय लिहिलंय, पुन्हा कुणी गेलं आहे का, ह्याची तिला भीती वाटायची. आणि तरी ती शिक्का मारायची, कारण न मारून चालणार नव्हतं. मरणानंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला ती पांढरी फुलं घेऊन गेली. गेन्झोने ती दारातच घेतली. आत येऊन कात्सुनोच्या फोटोपुढे एकदा बसावं आणि तिला खरं काय ते सांगावं, एवढंच तिला हवं होतं. ते काही होईना.

हिवाळा सरता सरता कचेरीत कसला तरी अर्ज द्यायचा होता. मिनेयो नेहमीप्रमाणे खिडकीपुढे वाकली. "हात असा झालाय बघा."

खिडकीपलीकडे एक तरुण मुलगी होती. तिने बँडेजकडे पाहिलं, मिनेयोकडे पाहिलं, आणि पुढे झुकून अगदी हळू म्हणाली, "आजी, मागच्या वेळी उजव्याला होतं."

मिनेयोने खाली बघितलं. बँडेज डाव्या हाताला बांधलेलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाईची चूक झाली होती, आणि झाली ती अशी. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पळून जावंसं वाटलं, पण अर्ज तर द्यायलाच हवा होता.

"मी भरून देते," मुलगी तितक्याच हळू म्हणाली. "आणि आजी, दर गुरुवारी दुपारी वर हॉलमध्ये कुराता सेन्सेई बसतात. ज्यांना लहानपणी शाळा मिळाली नाही त्यांना शिकवतात. कुणी काही विचारत नाही तिथे."

अर्ज भरून झाला तशी मिनेयो बँडेज लपवत बाहेर पडली. पण पुढच्या गुरुवारी ती बसमध्ये होती. कुठे निघालात म्हणून कुणी विचारलं तर 'गुडघ्याच्या शेकाला' असं सांगायचं ठरवलं होतं. कुणी विचारलं नाही.

कुराता सेन्सेई निवृत्त शाळामास्तर. पाठ ताठ, नाकावर चष्मा, आणि साठीच्या बायकांनाही पहिलीतल्या पोरांसारखं दरडावायची सवय. वर्गात तीनचार म्हाताऱ्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली आणि म्हणाले, "हा एक." मग दोन रेघा, हा दोन. तीन रेघा, हा तीन. मिनेयोला भलताच उत्साह आला. एवढंच असतं होय! सेन्सेई चारावर जायच्या आतच ती एकाखाली एक चार रेघा ओढून मोकळी झाली.

सेन्सेईंनी वही उचलली. "हे काय?"

"चार."

"हे जिन्याच्या पायऱ्या आहेत, हायाशीसान. चार असा नाही." आणि त्यांनी एक चौकट काढून तिच्यात दोन वाकडे पाय काढले.

"पण तीनपर्यंत तर नीट चाललं होतं!" मिनेयो म्हणाली, आणि शेजारची बाई फिसकन हसली. कात्सुनोनंतर पहिल्यांदाच मिनेयोच्या जवळ कुणी हसलं होतं. ते हसू ऐकून तिला एकदम रडू आलं, आणि ते लपवायला तिने पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

झाडावरून तर चांगलीच जुंपली. झाडाचं अक्षर सोपं आहे, एक आडवी रेघ, एक उभी, आणि दोन्ही बाजूंना खाली उतरणाऱ्या दोन रेघा. मिनेयोने आधी उभी रेघ ओढली.

"चूक. आधी आडवी," सेन्सेई म्हणाले.

"अहो सेन्सेई, जन्म गेला माझा झाडं लावण्यात. आधी बुंधा येतो, मग फांद्या फुटतात. हवेत आधी फांदी कधी आलेली बघितलीय?"

"बागेतलं झाड तुमचं. कागदावरचं माझं. आधी आडवी."

"मग तुमच्या झाडाला संत्री लागायची नाहीत," असं पुटपुटत तिने आडवी रेघ ओढली. पण घरी जाताना बसमध्ये ती गुडघ्यावर बोटाने तेच झाड काढत होती. आधी आडवी, मग उभी. तिच्या आयुष्यातलं ते पहिलं झाड होतं जे तिला वाचता येत होतं.

घरी कागदावर लिहायची तिला हिंमत होईना, कुणी बघितलं तर? म्हणून ती बागेच्या दगडी बांधांवर लिहायची. पाण्याच्या डबड्यात बोट बुडवायचं आणि उन्हाने तापलेल्या दगडावर अक्षर काढायचं. डोंगर, नदी, माणूस, तोंड, हात. बघता बघता वाळून जायचं, की पुन्हा. उन्हाळ्यापर्यंत तिच्या बागेतला एकही सपाट दगड कोरा राहिला नाही, आणि एकाही दगडावर काही दिसत नव्हतं. दुसरं कुणी असतं तर त्याने कुणाला तरी दाखवलं असतं. मिनेयोला दाखवायला कुणी नव्हतं. चांगलं अक्षर आलं की ती दगडाशेजारी बसून ते वाळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायची, आणि घरी आल्यावर दिवसभरात आपण कुणाशीच बोललो नाही हे तिच्या लक्षात यायचं.

आणि मग हायाशी. तिचं आडनाव म्हणजे शेजारी शेजारी दोन झाडं, बस. एक झाड येत होतं, दोन यायला काय लागतं? पण तिची दोन झाडं एकमेकांत घुसायची, मारामारी चालल्यासारखी.

"डाव्या झाडाने आपला उजवा हात आखडून घ्यायचा असतो," सेन्सेई म्हणाले. "ही शेवटची रेघ पूर्ण ओढायची नाही. तिथेच थांबवायची. नाहीतर दुसरं झाड उभं कुठे राहील?"

ते तिला काही केल्या जमेना. डावं झाड हात पसरायचं ते पसरायचंच.

ओबोन जवळ आला. गेलेली माणसं त्या दिवसांत घरी येतात, आणि कात्सुनोचा हा पहिलाच ओबोन. गेन्झोच्या दारात पांढरा कंदील लागणार, वाडीतलं प्रत्येक घर पाकीट घेऊन जाणार. पाकिटावर नाव हवं. इतकी वर्षं ते कात्सुनो लिहायची. आता कात्सुनोसाठीच न्यायच्या पाकिटावर कोण लिहिणार?

"आणा, मी लिहून देतो," सेन्सेई म्हणाले. "दुकानातही लिहून देतात हल्ली."

"नको."

"हायाशीसान, तुमची झाडं अजून भांडताहेत."

"भांडू देत. तिथे माझंच अक्षर गेलं पाहिजे. ते अक्षर दाखवायलाच मी जाणार आहे." तिने असं ठामपणे कधी कुणाला काही सांगितलं नव्हतं. सेन्सेईंनी चष्मा पुसला आणि आपला जुना कुंचला तिला दिला.

तिने बरीच पाकिटं वाया घालवली. शेवटचं जे उरलं त्यावरही डाव्या झाडाची फांदी उजव्याच्या बुंध्यात शिरलेलीच होती, आणि खाली तिचं नाव साध्या अक्षरांत उतरत उतरत कडेला जाऊन टेकलेलं. ते घेऊन ती गेली. पाहुणे येऊन गेल्यावर, ऊन उतरताना गेली. दारातल्या कंदिलाखाली काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय मांडलेली होती, गेलेल्या माणसांना येण्याजाण्यासाठी.

गेन्झोने दार सरकवलं. पाकीट पुढे आलं की दोन्ही हातांनी घ्यायचं, ह्या सवयीने त्याने ते घेतलं आणि वाकला. वर होताना त्याची नजर नावावर पडली, आणि तो तिथेच थांबला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"एखाद्या पोराकडून लिहून घेतलंत काय?"

"मी लिहिलं." आणि मग मिनेयो बोलतच राहिली. "मला आता येतं. एवढंच येतं. तेव्हा काहीच येत नव्हतं. पाटी आली ती मी वाचली नाही, मला वाचताच येत नव्हतं. लहानपणापासून. शिक्का मारला आणि पुढच्या दारात नेऊन ठेवली. ती गेली हे मी माझ्या काखेत घेऊन चालले, भावजी, आणि मला कळलं नाही. ताप नव्हता मला. खोटं बोलले मी."

गेन्झो पाकिटाकडे बघत होता. तो म्हणाला, "पण पाटी तर कात्सुनो तुझ्याकडे..." आणि वाक्य तसंच राहिलं. मग तो हळूहळू, स्वतःशीच बोलल्यासारखा बोलायला लागला. "मी नेऊन ठेवतो म्हटलं तर द्यायची नाही. धो धो पाऊस असला तरी स्वतः न्यायची. मी ओरडायचो, दारात टेकव आणि ये, भात निवतोय. तर म्हणायची, मिनेकडचा चहा चांगला असतो."

"माझा चहा?" मिनेयो म्हणाली. "माझ्या चहाला ती गटाराचं पाणी म्हणायची."

 कात्सुनोला ठाऊक होतं. पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हे तिने मरेपर्यंत दाखवलं नाही. मिनेयो दारात उभ्या उभ्या रडली, हातरुमालही न काढता, लहान पोरीसारखी. मैत्रीण जिवंत असताना एकदा तरी तिचे आभार मानायला हवे होते. आता ते कुणापुढे मानायचे?

"मला तरी सांगायचंस, मिनेबाई," गेन्झो म्हणाला, आणि दारातून बाजूला झाला. "जा आत. बस तिच्यापुढे."

तिचं पाकीट त्याने फोटोपुढे ठेवलं, बाकीच्या सुंदर अक्षरांतल्या पाकिटांच्या वर. फोटोतली कात्सुनो कुणालातरी काहीतरी सुनवायच्या बेतात असल्यासारखी दिसत होती. इतके महिने मनात जुळवलेलं मिनेयोला एक अक्षर आठवलं नाही. ती नुसती बसून राहिली. उदबत्ती संपली तशी उठली.

लोकांना कळलं. गेन्झोनेच सांगितलं असावं. पुन्हा माणसं रस्त्यात थांबून बोलायला लागली, मिझोबुची तर उगाचच दोनदा माफी मागून गेला. सगळं मिटलं म्हणायचं. पण माफी मिळाली म्हणून माणूस परत येत नाही. मिनेयोला आता पाटी वाचता यायची, अडखळत का होईना, आणि वाचून झाली तरी दिवस उरायचा. आधीच शिकले असते तर कात्सुनोच्या शेवटच्या दिवशी मी तिथे असते, असं तिला वाटायचं. आणि आधीच शिकले असते तर ती पायरीवर येऊन बसली असती का, असंही वाटायचं.

शरदात पुन्हा पाटी आली. ह्या वेळी गेन्झो घेऊन आला. पायरीवर बसला नाही, चहा घेतला नाही, पाटी टेकवून वळला. मिनेयो ती मांडीवर घेऊन वाचायला लागली. मोठ्याने, कारण मनातल्या मनात वाचायला तिला अजून येत नव्हतं. "येत्या... रविवारी... सकाळी... सात वाजता... गटार... सफाई."

अंगणाच्या कडेला गेन्झो थांबला होता. पाठ तशीच वळलेली. "सात वाजता!" तो खाकरून म्हणाला. "मिझोबुचीला सात वाजता उठलेला कुणी बघितलाय का?"

मिनेयोने मान वर केली. पण तो चालायला लागला होता आणि वळून बघत नव्हता. ती पुढच्या ओळीवर बोट ठेवून वाचत राहिली.

"रान... डुकरांपासून... सावधान."

इथे कात्सुनो काहीतरी म्हणायची. मिनेयोने पायरीकडे पाहिलं. पायरीवर कुणी नव्हतं. मग तीच म्हणाली, "डुकरांना पाठवा म्हणावं ही पाटी," आणि तिने खणातून शिक्का काढला.